फोनवरची बाई

रुग्णवाहिकेच्या नियंत्रण कक्षात ती फोन घ्यायची. एका दुपारी एका बाईचा फोन आला. छातीत कळा येत होत्या आणि घरात दुसरं कोणी नव्हतं. गाडी निघाली होती, पण पोचेपर्यंत बाई एकच विचारत राहिली, "तुम्ही आहात ना?" ही दर वेळी सांगत होती, "आहे." मग विचारणं थांबलं. गाडी पोचली तेव्हा बाई गेलेली होती.

हिची काहीच चूक नव्हती. साहेबांनीही तसंच सांगितलं. तरी घरी नळ सोडला की पाण्यातून आवाज यायचा, "आहात ना?" ती भांडी घासता घासता "आहे" म्हणायची. नवऱ्याच्या अंगावर काटा यायचा. शेवटी त्यानेच तिला दवाखान्यात नेलं.

सोमवारी तिथल्या समुपदेशक बाईंकडे ती एकटी बसायची, बुधवारी इतर रुग्णांबरोबर गटात. सोमवारी भडाभडा बोलायची, बुधवारी मात्र मूग गिळून बसायची.

एका बुधवारी एक शिंपीणबाई नव्याने आली. दारात उभी राहून तिने विचारलं, "गटाचे लोक तुम्हीच आहात ना?"

हुबेहूब तोच आवाज. "आहे," हिच्या तोंडून निसटलं, आणि पाठोपाठ ती जिना उतरून पळाली.

सोमवारी ती म्हणाली, "फोनवरची तीच होती."

"ही शिंपीणबाई जिवंत आहे, बाई," समुपदेशक बाई म्हणाल्या. " त्यापलीकडे तिचं काही मी इथे सांगणार नाही, आणि तुमचं तिथे काढणार नाही. सांगायचं की नाही, ते तुम्ही ठरवा."

बुधवारी तिने सांगितलं. शिंपीणबाईकडे न बघता, सगळं.

शिंपीणबाई म्हणाली, "माझा आवाज ऐकून त्रास होत असेल तर मी गप्प बसते."

"नको. तुम्ही गप्प बसलात तर मला जास्त भीती वाटेल."

कोपऱ्यातल्या कमी ऐकू येणाऱ्या आजोबांनी शेजाऱ्याला विचारलं, "काय म्हणत होती ती फोनवाली?"

"तुम्ही आहात ना, असं विचारत होती."

"आहोत की. जातोय कुठे?" आजोबा मोठ्याने म्हणाले. एक-दोघांना हसू आलं. तिलाही आलं, आणि हसता हसताच रडू फुटलं. शिंपीणबाई तिच्या शेजारच्या खुर्चीवर येऊन बसली.

त्या संध्याकाळी आवाज आला तेव्हा तिने उत्तर दिलं नाही. दोनदा विचारून तो थांबला. मग घर इतकं शांत झालं की तिला राहवेना. ती स्वयंपाकघरात उभी राहून वाट बघू लागली.

"फोनवरची ती कायमची गेली तर?" पुढच्या सोमवारी तिने विचारलं. "तिला माझ्याशिवाय होतं कोण?"

समुपदेशक बाई म्हणाल्या, "हे बुधवारी गटात विचाराल?"

"विचारीन," ती म्हणाली.