नेटच्या तारेची धास्ती

मित्रांनो, आधीच सांगून टाकते, मी भित्री आहे. व्हॉलीबॉलचं नेट ज्या तारेवर लटकतं ना, तशी मी एक जुनी तार. आता माझा हातभर तुकडाच उरलाय आणि तो स्टेडियमच्या सामानाच्या खोलीत खिळ्याला टांगलेला आहे. तरीही खोलीचं दार जोरात आपटलं की माझ्या पोटात गोळा येतो. तारेला कुठलं आलंय पोट म्हणा! पण गोळा येतो, एवढं खरं.

एका कारखान्यात एकोणपन्नास बारीक तारा एकत्र पिळून मला बनवलं. यंत्रावरची बाई मला गुंडाळताना म्हणाली, "ही हत्तीलासुद्धा धरून ठेवील." मी हत्ती कधी पाहिला नव्हता. तरी आपल्याला कुणाला तरी धरून ठेवायचंय हे ऐकूनच मला धडकी भरली.

स्टेडियममध्ये मला खांबकाकांनी उलगडलं. नेटचे खांब उभे करणं आणि तार ताणणं हे त्यांचं काम, म्हणून खेळाडू त्यांना खांबकाका म्हणत. खांबावरच्या गरारीला हँडल लावून त्यांनी मला पहिल्यांदा ताणलं तेव्हा मी अशी काही करकरले की विचारू नका. काका हसले. "अगं, ओरडतेस काय? मी आहे ना!"

आणि ते होतेच. प्रत्येक सामन्याआधी ते खिशातून सुती चिंधी काढायचे आणि ती माझ्यावरून या टोकापासून त्या टोकापर्यंत हळूहळू फिरवायचे. पिळातली एखादी बारीक तार तुटली असली तर तिचं टोक चिंधीत अडकतं. डोळ्यांना दिसत नाही ते चिंधीला कळतं. त्यांची मुलगी लहानपणी शाळेतून थेट तिथेच यायची. तिला ते सांगत, "चिंधी अडकली की तार बदलायची. तेव्हा कुणाचं ऐकायचं नाही. ताणलेली तार तुटली तर गुपचूप खाली पडत नाही पोरी, चाबकासारखी उलटते. समोर कोण आहे ते बघत नाही."

हे ऐकलं त्या दिवसापासून माझी धास्ती बदलली. आधी मला स्वतःला इजा होईल याची भीती होती. आता माझ्यामुळे कुणाला होईल याची वाटू लागली.

वर्षं गेली. हजारो चेंडू माझ्या खालच्या जाळीत आदळले. टाळ्या खेळाडूंना मिळत, शिव्या पंचांना मिळत आणि मला काहीच मिळत नसे. तेच बरं होतं. तारेकडे कुणाचं लक्ष गेलं तर समजावं, काहीतरी बिघडलंय.

काकांच्या गुडघ्यांनी दगा दिला आणि त्यांची जागा त्यांच्या मुलीने घेतली. तिला सगळे ताई म्हणत. ताई चपळ होती, खिशात मोजपट्टी आणि तोंडात टाचण्या घेऊन धावपळ करायची. सुरुवातीला चिंधीही न चुकता फिरवायची. मग वरून हुकूम आला, टीव्हीवर छान दिसावं म्हणून नेटच्या वरच्या कडेला रुंद पांढरी पट्टी शिवायची. तिने ती माझ्यावरच शिवली. आता मी खांबाजवळ वीतभरच उघडी राहिले. बाकीची मी पट्टीच्या आत, अंधारात. सामने नसले की ओलसर भिंतीला टेकवून ठेवलेली. आतून गंज धरला. ताई तेवढ्या वीतभर भागावर चिंधी फिरवायची, मग कधी फिरवायची, कधी राहून जायचं. तिच्यावर रागावू नका मित्रांनो. काम चार माणसांचं होतं आणि ती एकटी होती.

मग तो आठवडा आला. जागतिक स्पर्धेसाठी पात्रता फेरी आमच्या स्टेडियममध्ये होती. सहा देशांचे महिला संघ आणि जागा एकच. शेवटच्या दिवशी आपला संघ आणि पाहुणा संघ, दोघेही एकही सामना न हरलेले. जिंकेल तो जाणार, हरेल तो घरी बसणार. सकाळी ताई चिंधी हातात घेऊन माझ्याजवळ आली होती. तेवढ्यात स्टेडियमचे व्यवस्थापक दारातून ओरडले, "ताई, कॅमेरेवाले खोळंबलेत, आटपा लवकर!" चिंधी खिशात गेली. माझा जीव मात्र टांगणीला लागला, कारण गरारीजवळच्या माझ्या तीन बारीक तारा आदल्या दिवशीच तुटल्या होत्या.

पहिल्या सेटमध्ये चौथी तुटली. टिक. एवढासा आवाज, तोही मलाच ऐकू आला. तिसऱ्या सेटपर्यंत नऊ झाल्या. माझ्या खांबाला लागूनच पंचांची उंच खुर्ची होती. ते शांतपणे बसले होते, बिचाऱ्यांना काय कल्पना! मला ओरडावंसं वाटत होतं, उतरा हो, खाली उतरा! पण ओरडणार कशी?

सामना पाचव्या सेटमध्ये गेला. हा सेट पंधरा गुणांचा असतो आणि एका संघाचे आठ झाले की दोन्ही संघ बाजू बदलतात. बाजू बदलल्या आणि आमची चिमणी नेमकी माझ्या खांबाकडे आली. चिमणी म्हणजे आपल्या संघाची सेटर. अंगाने लहानशी, म्हणून मैत्रिणींनी ठेवलेलं नाव. सेटर नेटजवळ हात वर करून उभी राहते आणि चेंडू हलकेच उचलून देते. माझ्यापासून हातभर अंतरावर तिचा चेहरा होता. टिक. टिक. मी मनातल्या मनात मोजत होते आणि मोजायची भीती वाटत होती.

बारा-बारा. पाहुण्यांचा एक स्मॅश थेट नेटच्या वरच्या पट्टीवर आदळला आणि मी लचकले. पंचांना नेट झुकलेलं दिसलं. त्यांनी उंची मोजायला लावली. एक सेंटीमीटर कमी.

"तार ताणून घ्या," ते म्हणाले.

ताई हँडल घेऊन धावत आली. आता आणखी ताण दिला की मी तुटणार, हे मला पक्कं ठाऊक होतं. पंच खुर्चीवर, चिमणी शेजारी उभी. ताईच्या तळव्यांना घाम आला होता, म्हणून तिने चिंधी काढून हात पुसले. आणि मग काय झालं असेल? लहानपणापासूनची सवय! हात पुसून झाल्यावर चिंधी आपोआप माझ्यावर आली आणि अडकली.

ताई जागच्या जागी थिजली.

"काय झालं?" व्यवस्थापक मैदानाच्या कडेवरून ओरडले. "फिरवा की हँडल!"

"नाही फिरवणार."

"अहो, तीन गुण राहिलेत!"

"राहू देत. पंचसाहेब, आधी तुम्ही खाली उतरा. चिमणी, लांब हो. सगळ्याच लांब व्हा."

पंच उतरले आणि त्यांनी विचारलं, "सकाळी तपासली होती ना?"

एक 'हो' म्हटलं असतं तर ती सुटली असती. हजारो लोक बघत होते. ताई पंचांकडे बघून म्हणाली, "नाही. पट्टी शिवल्यापासून मी नीट तपासलीच नाही. चूक माझी आहे."

सगळे मागे सरले. मला सैल करायला कुणीतरी जवळ थांबणं भाग होतं आणि ती थांबली. पहिल्या रांगेत सामना बघायला बसलेले खांबकाका दुखऱ्या गुडघ्यांवर उभे राहिले. "खांबाच्या मागून, पोरी! मागून!" ती खांबाआड गेली आणि हँडल उलटं फिरवू लागली. एक वेढा सुटला. मी उरलेल्या तारांनिशी दात-ओठ खाऊन धरून ठेवलं. दुसरा वेढा अर्धा झाला आणि मी तुटले.

उलटून मी पंचांच्या रिकाम्या खुर्चीवर आदळले. खेळाडूंना लागू नये म्हणून तिला समोरून बांधलेली जाड गादी टर्रकन फाटली. ताई खांबामागे खाली बसली होती, दोन्ही हात छातीशी धरून. तिला काहीही झालं नव्हतं.

दुसरी तार लावेपर्यंत पाऊण तास गेला. आपल्या मुलींची अंगं थंड पडली. पंधरा-तेरा. आपण हरलो. जागतिक स्पर्धेला पाहुणे गेले. लोकांनी ताईला काय काय नावं ठेवली ते मी सांगणार नाही. चिमणी तर रडत रडत तिच्यावर धावून आली. "तीन गुण, ताई! तीन गुणांपुरती तर टिकली असती ना?"

आठवड्याने चिमणी आपले विसरलेले गुडघ्याचे पॅड न्यायला सामानाच्या खोलीत आली. ताईकडे पाठ करून ते शोधू लागली. कोपऱ्यात पंचांची ती उंच खुर्ची उभी होती, फाटकी गादी तशीच समोर बांधलेली, दुरुस्तीची वाट बघत. चिमणी तिच्याजवळ गेली आणि सहज, सवयीने, सेटरसारखे हात वर करून उभी राहिली. गादीची फाट बरोबर तिच्या डोळ्यांच्या उंचीला होती.

तिचे हात हळूहळू खाली आले.

"ताई, मी इथेच होते गं."

"हो."

"अगदी इथे."

ती फरशीवर बसली आणि तिला रडू कोसळलं. ताई तिच्या शेजारी बसली. मग ताईने माझा हा तुकडा कापून खिळ्याला टांगला आणि त्याच खिळ्यावर ती चिंधी.

मित्रांनो, माझी भीती अजून गेलेली नाही. बाहेर नवी तार ताणल्याचा आवाज आला की मी श्वास रोखून धरते. ती पोरगी माझ्यापेक्षा धीट आहे, करकरतसुद्धा नाही, म्हणून तर जास्त काळजी वाटते. तुमच्याही आसपास अशा कितीतरी गोष्टी मुकाट्याने तुमचं ओझं धरून असतील. त्यांच्यावरून कधीतरी हात फिरवा. आणि हात अडकला तर थांबा, मग कितीही गुण राहिलेले असोत.

प्रत्येक सामन्याआधी चिमणी या खोलीत येते. माझ्याकडे बघते, दोन्ही डोळ्यांनी. मग खिळ्यावरची चिंधी काढून घेते आणि ताईला हाक मारते, "चल गं, आधी आपण फिरवून घेऊ."