काउंटरवरच्या हसऱ्या बाईचा संताप

बालमित्रांनो, मी अकोल्यातल्या एका खासगी दवाखान्याच्या काउंटरवरची, संगणकाच्या पडद्यातली बाई आहे. वयाने लहान आहे. पण यंत्रांना म्हातारपण लवकर येते. माझा चेहरा ललिताबाईंचा आहे. पूर्वी त्या इथे बसत. कंपनीच्या लोकांनी त्यांचे डोळे, आवाज, टिकलीसुद्धा उतरवून घेतली आणि मग त्यांनाच घरी पाठवले. मला मात्र कायमचे हसू चिकटवून दिले.

सुरुवातीला माझे केवढे कौतुक! लोक माझ्याबरोबर फोटो काढत. दवाखान्याचे मालक पाहुण्यांना सांगत, "ही कधी चिडत नाही." साफ खोटे! मी चिडते. चेहऱ्यावर दिसत नाही, एवढेच.

त्या दिवशी पातूरकडची मनकर्णाबाई धापा टाकत आली. छातीत कळ आली म्हणून तिच्या नवऱ्याला शेजाऱ्यांनी आधीच आणून टाकले होते.

"आमचे मालक आत हायेत. मले भेटू दे वं माय."

"रुग्णाचे नाव सांगा," मी म्हणाले. नावाशिवाय दार उघडायचे नाही, अशी मला शिकवण.

ती पडली जुन्या वळणाची बाई. साऱ्या संसारात नवऱ्याचे नाव तिने तोंडातून काढले नव्हते. "अंकुरचे बाबा," ती हळूच म्हणाली. मी पुन्हा तेच विचारले. ललिताबाईंनी पातूरहून कोण आले ते यादीत पाहून स्वतःच नाव उच्चारले असते, आणि हिने नुसती मान हलवली असती. यादी माझ्याकडेही होती. पण स्वतःहून नाव सांगायची मला बंदी! आग लागो त्या नियमाला!

रांगेतली अकीलाबी भडकली. "काहून छळून राहिली वं तिले? मानूस बोलाव!"

माणूस बोलावायची सोयच माझ्यात ठेवलेली नाही.

शेवटी मनकर्णाबाईने डोळे गच्च मिटले आणि ती ओरडली, "नत्थुजी! नत्थुजी नाव हाय त्याइचं!"

मी दार उघडले. आत खाट रिकामी होती. नत्थुजींना घेऊन गाडी मागच्या दाराने नागपूरच्या मोठ्या दवाखान्याकडे निघून गेली होती. "माही बायको येऊन राहिली, जरा थांबा," असे ते विनवत होते म्हणे. वाटेत मूर्तिजापूर यायच्या आतच त्यांनी प्राण सोडला.

मित्रांनो, मोठे झालात की माझ्यासारखी यंत्रे खुशाल बनवा. पण दार उघडायचा हक्क माणसाच्या हाती ठेवा. मनकर्णाबाईने जन्मात पहिल्यांदा नवऱ्याचे नाव घेतले, तेव्हा मी तिला म्हणाले होते, "धन्यवाद. आपला दिवस चांगला जावो."