गोल टेबलाचा अर्धा प्रश्न

मी एक जुने टेबल आहे, असे सांगायला मला आवडले असते. पण खोटे कशाला बोलू? मी अर्धे टेबल आहे. माझा दुसरा अर्धा भाग समोरच्या इमारतीत, विज्ञान विभागाच्या कचेरीत भिंतीला टेकून उभा आहे. मी इकडे भाषा विभागात. माझ्यावर चहाचा थर्मास आणि बंद पडलेला प्रिंटर ठेवला आहे. राग येणार नाही तर काय होईल?

मित्रांनो, मी चांगले गरगरीत गोल होते. खोलीचे दार अरुंद, म्हणून सुताराने मला आतच घडवले. त्या खोलीत विद्यापीठाचा एक खास वर्ग भरत असे. दरवर्षी पहिल्या वर्षाची बारा हुशार मुले निवडली जात, बारा वेगवेगळ्या विषयांची. वर्षभर सगळ्यांना मिळून एकच प्रश्न. शिकवणाऱ्या बाई शेवटी उरेल त्या खुर्चीवर बसत. वर्ष संपले की प्रत्येकाने माझ्याखाली उताणे झोपायचे आणि न सुटलेली एक गोष्ट पेन्सिलीने माझ्या पोटावर लिहायची, अशी रीत होती. एकोणीस वर्षांचे प्रश्न माझ्या पोटावर होते आणि मला त्याचा भारी तोरा होता.

यंदाचा प्रश्न होता, नदीवरचा जुना पूल पाडावा की ठेवावा. गणिताची मुलगी वजनाची आकडेमोड करायची. तिला सगळे 'शंका' म्हणत. संगीताचा मुलगा पुलावर टकटक करून आला आणि म्हणाला, "मधला खांब पोकळ वाजतोय." ते ऐकून इतिहासवाला जुने नकाशे शोधायला पळाला.

निम्मे वर्ष झाले आणि बाई निवृत्त झाल्या. दुसऱ्याच आठवड्यात वर्ग बंद. नवे प्रमुख म्हणाले, "पहिल्या वर्षाच्या पोरांचे हे लाड कशाला? आधी आपापला विषय तर येऊ दे." मग दोन विभाग माझ्यासाठी हमरीतुमरीवर आले. प्रमुखांनी तोडगा म्हणून करवत मागवली.

शंका धावत आली. "सर, आमचं वर्ष अर्धवटच राहिलं. निदान खाली लिहू तरी द्या."

"टेबल घाण करायची परवानगी मागतेस?"

करवत बरोबर मधून गेली. कितीतरी प्रश्नांचे दोन तुकडे झाले. तिथे उभ्या असलेल्या एकाही शहाण्याने खाली वाकून पाहिले नाही. तो राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही.

परवा शंका इथे आली. तिने मुद्दाम पेन्सिल पाडली, माझ्याखाली शिरली आणि भराभर काहीतरी लिहिले.

"सापडली का गं?" कारकूनबाईंनी विचारले.

"हो काकू. आता समोरच्या इमारतीत पाडायचीय."



माझ्या पोटावर तिने लिहिले आहे, 'पूल पाडायचा की ठेवायचा हे ठरवताना, त्यावरून रोज चालणाऱ्यांना...' पुढचे शब्द माझ्या दुसऱ्या भागावर आहेत. माझाच प्रश्न, आणि मला तो पूर्ण ठाऊक नाही.

मित्रांनो, मला पॉलिश नको. थर्मासही राहू द्या. तुम्ही कोणत्याही विषयाचे असा, एकदा समोरच्या इमारतीत जा, खाली वाका, उरलेले वाचा आणि मला येऊन सांगा.