दाराशिवायचं दुकान

माझ्या नणंदेला घरात सगळे बारकी म्हणतात. वयाची पस्तिशी उलटली तरी ती बारकीच. तिला ऑटिझम आहे हे आम्हाला कळलं तेव्हा ती एकोणतीस वर्षांची होती. तोवर घरात तिच्यासाठी हट्टी, तुसडी, अति करते, असे शब्द होते. डॉक्टरीणबाईंनी नीट समजावून सांगितलं त्या दिवशी सासरे जेवले नाहीत. बारकी मात्र दोन पोळ्या जास्तच जेवली. म्हणाली, "म्हणजे मी मुद्दाम करत नव्हते. मी सांगतच होते."

ती कपड्यांच्या एका मोठ्या दुकानाच्या गोदामात कामाला होती. आलेला माल मोजायचा, तपासायचा, किमतीच्या चिठ्ठ्या लावायच्या. तिच्या हातून सहा वर्षांत एक चिठ्ठी चुकली नव्हती, आणि सहा वर्षांत पगार दोनदा वाढला होता, तोही नावापुरता. डोक्यावर पांढरेफटक दिवे, त्यांतला एक सतत लुकलुकणारा, आणि दिवसभर तीच ती पाच-सहा गाणी. ती कानांवर आवाज अडवणारे जाड हेडफोन लावून काम करायची. नवे मॅनेजर आले आणि म्हणाले, ते काढा, गिऱ्हाइकांना बरं दिसत नाही. गोदामात गिऱ्हाईक कधी पाऊल टाकत नाही, हे तिने त्यांना सांगितलं. ते त्यांना आवडलं नाही. हेडफोन काढावेच लागले.

त्यानंतर ती घरी आली की तासभर कपाट आणि भिंतीच्या मधे बसून राहायची. मी पाणी ठेवून निघून यायचे.

चेनींचं काम आधीपासून सुरू होतंच. गोदामातल्या बायकांच्या पर्सच्या चेनी ती जेवणाच्या सुट्टीत दुरुस्त करून द्यायची. चेन बिघडली की लोक पिशवीच टाकून देतात, याचं तिला फार वाईट वाटायचं. बहुतेक वेळा चेन चांगली असते, तिचा रनर, म्हणजे पुढे-मागे सरकणारा तुकडा, सैल पडलेला असतो. तो पकडीने दोन्ही बाजूंनी किंचित दाबायचा. किंचित म्हणजे किती, हे तिच्या बोटांना कळायचं.

"नोकरी सोड आणि हेच कर," मी एकदा म्हणाले.

सासरे वर्तमानपत्राआडून म्हणाले, "पगार तो पगार. एक तारखेला हातात पडतो. स्वतःचं काहीतरी करणं वेगळं."

"बाबा, काहीतरी म्हणजे नेमकं काय?" बारकीने विचारलं. तिला खरंच जाणून घ्यायचं होतं. सासऱ्यांनी वर्तमानपत्राचं पान उलटलं.

तिने आठ दिवसांची रजा काढली. फाटकावर पाटी लावली: चेन दुरुस्त करून मिळेल. पहिल्याच दिवशी एक बाई चार पिशव्या घेऊन आल्या. "एवढ्याशा कामाचे एवढे?" त्या सहज म्हणाल्या. बारकी त्यांना वीस मिनिटं चेनीचे प्रकार समजावत बसली. दुसऱ्या दिवशी एक गृहस्थ बेल दाबून धरूनच उभे राहिले. एकजण म्हणाला, "करून ठेवा, येईन कधीतरी." कधीतरी म्हणजे कधी, या काळजीने ती जेवेना. तिसऱ्या दिवशी दुपारी ती न्हाणीघरात शिरली आणि आतून कडी लावली. नळ सोडल्याचा आवाज येत होता. मी दाराबाहेर उभी. तिला हरभऱ्याच्या झाडावर चढवलं होतं ते मीच.

अर्ध्या तासाने ती बाहेर आली. "पाटी काढ, वहिनी. सोमवारी कामावर जाते."

सासऱ्यांनी सुटकेचा निःश्वास टाकला. मी जाऊन पाटी काढून आणली.

पंधरा-वीस दिवस तसेच गेले. मग एकदा जेवता जेवता ती म्हणाली, "चेनींचा त्रास झालाच नव्हता. दाराचा झाला होता."

"म्हणजे?" तिच्या भावाने विचारलं.

"नोकरीत काम सोपं आहे, जागा अवघड आहे. इथे जागा माझी आहे, माणसं अवघड आहेत. माणसं दुसरीकडे यायला हवीत."

दुसऱ्या दिवशी ती कोपऱ्यावरच्या लाँड्रीवाल्या काकूंकडे गेली. काय बोलायचं ते कागदावर लिहून नेलं होतं आणि तिने ते सरळ वाचून दाखवलं. लोकांनी वस्तू काकूंकडे द्यायची. तक्रार आणि परत न्यायचा वार चिठ्ठीवर लिहायचा. दर भिंतीवर लिहून लावायचे. मिळकतीचा चौथा हिस्सा काकूंचा.

काकू हसल्या. "बोलायचं काम माझं? अगं, मी तशीही दिवसभर बोलतेच की. आता त्याचे पैसे मिळणार म्हण!"

लोक इस्त्रीचे कपडे द्यायला यायचे आणि चेन तुटलेलं जाकीटही टाकून जायचे. बारकी संध्याकाळी पिशवी भरून आणायची, सकाळी पोचवायची. चार महिने तिने दोन्ही कामं केली. ओढाताण झाली, वजन उतरलं. अखेर सासरेच म्हणाले, "आता एक काय ते सोड बाई."

तिने राजीनामा दिला. मॅनेजर चकित झाले. "तुम्हाला इथे काय कमी होतं?"

"कमी नव्हतं, जास्त होतं," ती म्हणाली. "दिवे जास्त, आवाज जास्त. पगार तेवढा कमी होता."

सगळं सुरळीत झालं असं नाही. नोकरी सोडल्यावरचा तिसरा महिना अगदी कोरडा गेला. सासरे येता-जाता घसा खाकरू लागले, माझा नवरा तिच्यासाठी नोकरीच्या जाहिराती वाचू लागला. बारकी रात्री झोपेना. तेवढ्यात जुन्या दुकानातून फोन आला. माल तीन वेळा मोजूनही हिशेब जुळत नव्हता. "या ना परत," मॅनेजर म्हणाले.

तिने फोन ठेवला आणि मेसेज लिहायला घेतला. दोन तास लागले. महिन्यातून दोन दिवस येईन, दुकान उघडायच्या आधी. गाणी बंद. हेडफोन राहतील. तासाचा दर अमुक. मी वाचलं आणि म्हटलं, दर जरा जास्त नाही ना वाटत? "मी मोजलाय," ती म्हणाली. मॅनेजरांचं उत्तर एका शब्दाचं आलं: चालेल.

पोटापुरतं आहे आता. कधी त्याहून थोडं जास्त, कधी जेमतेम. पण कपाटाच्या फटीत बसलेली ती मला कित्येक दिवसांत दिसली नाही.

परवा काकूंकडून एक तंबू आला, डोंगरात जाणाऱ्या मंडळींचा. त्याची चेन इतकी लांब की पुढच्या खोलीत या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत पसरावा लागला. आम्ही उड्या मारत स्वयंपाकघरात ये-जा करत होतो. सासरे चष्मा लावून एक टोक धरून जमिनीवर बसले होते.

"बाबा, ताणू नका. नुसतं धरा."

"नुसतंच धरलंय," सासरे म्हणाले, आणि जरा सरकून तिच्या हातावर उजेड पडेल असे बसले.