दीडशे ग्रॅम

"अहो, माझ्या बेसनाच्या काट्यावर हे काय ठेवलंय?"

"नळी," हे म्हणाले. "हात लावू नकोस, तेल आहे."

बंदुकीची आठ पैलूंची नळी काट्यावर आडवी ठेवून आमचे हे, सतीश केळुसकर, वय वर्षं पासष्ट, चष्मा कपाळावर सरकवून आकडा वाचत होते. केंब्रिजमधल्या प्रोफेसरांची नावं जगभर होतात, पण त्यांच्या यंत्रांचे सुटे भाग कातून देणारी माणसं तळघरातल्या वर्कशॉपमध्ये असतात. यांनी तिथे एकतीस वर्षं काढली. रिटायर झाल्यावर परसातल्या शेडमध्ये जुना लेथ आणला, पोलिसांकडे रीतसर बंदूक-विक्रेता म्हणून नोंद केली आणि ठासणीच्या बंदुका बनवायला लागले. तोंडातून दारू ओतायची, वर शिशाची गोळी गजाने ठासायची, अशी जुन्या तऱ्हेची बंदूक. वर्षाला फार तर दोन. यांना विरंगुळा आणि मला घरात शांतता, म्हणून मीही कधी कुरकुर केली नाही.

ही बंदूक एडिनबराच्या डॉक्टर यशोधन रेग्यांची होती. तीस वर्षांची ओळख. या देशात असल्या बंदुकीने हरीण मारायला परवानगी नाही, पण डॉक्टरांचा भाचा अमेरिकेत आणि तिथे ऑक्टोबरात ठासणीच्या बंदुकीने शिकार चालते. दिवसभर रानात हिंडायचं, तर आखूड हवी आणि हलकी हवी, एवढीच त्यांची अट.

इथे नळी प्रूफ केल्याशिवाय बंदूक कुणाला देता येत नाही. लंडनला नेऊन द्यावी लागते. तिथे मुद्दाम जास्तीची दारू ठासून बार काढतात, आणि नळी टिकली तर पोटाकडच्या पैलूवर छाप मारून परत देतात. ही नळी ऑगस्टमध्ये छाप घेऊन आली होती. दोन आठवड्यांपूर्वी डॉक्टर कॉन्फरन्सला आले तेव्हा त्यांनी बंदूक खांद्याला लावून बघितली, म्हणाले, "झकास आहे रे सतीश, पण जड," आणि टेबलावर ठेवून दिली.

एकतीस वर्षांत यांनी केलेला एक स्क्रूसुद्धा कुणी परत केला नव्हता. त्या रात्री हे जेवले नाहीत.

"छाप मिळालेली नळी पुन्हा का काढलीत?" मी विचारलं.

"हलकी केली. दीडशे ग्रॅम."

"कुठून?"

मी ओट्यावरचं फडकं घेऊन नळी उचलली. मागचा भाग, जिथे दारू भरते, तिथले पैलू नवेकोरे चकचकीत होते. कानशीचे बारीक ओरखडे अजून दिसत होते. छाप होता तो एकच पैलू पहिल्यासारखा काळपट राहिला होता.

"अहो, तासली की पुन्हा प्रूफला पाठवावी लागते ना? तुम्हीच मला सांगितलं होतंत."

"तीन आठवडे लागतात. डॉक्टर शनिवारी न्यायला येणार."

"मग थांबतील डॉक्टर!"

"अगं, मार्जिन भरपूर असतं. आणि छाप लाकडाखाली झाकला जातो, कोण बघतंय? मला लोखंड शिकवू नकोस आसावरी."

मला लोखंड कळत नाही, मान्य. पण मी सव्वीस वर्षं हॉस्पिटलच्या कॅज्युअल्टीत नर्स होते. दर पाच नोव्हेंबरला, इथल्या फटाक्यांच्या रात्री, फटाक्याने भाजलेले चेहरे माझ्यापुढे यायचे. बोटभर रॉकेट माणसाच्या डोळ्याचं काय करतं ते मी बघितलंय, आणि ही तर हरीण मारायची बंदूक. हे सगळं मी यांना बोलून दाखवलं, चांगलं तासभर. हे नळी पुसून शेडमध्ये निघून गेले.

बुधवारी सकाळी बंदूक घेऊन हे नेमबाजी क्लबच्या रेंजवर गेले. दुपारी परत आले तेव्हा कपड्यांना दारूचा वास येत होता आणि उजवा हात वर होत नव्हता.

"किती बार काढलेत?"

"तीन."

"स्वतःच्या खांद्यावरून?"

"मग काय शेजाऱ्याच्या?"

मी इकडे भेंडी चिरत होते आणि हा माणूस तिकडे त्या तासलेल्या लोखंडाला गाल लावून उभा होता! घरी सांगून जायचीसुद्धा याला गरज वाटली नव्हती. मला इतका राग आला की रडूच फुटलं.

"तीन बार टिकली ना?" हे म्हणाले. "मग झालं तर."

पण झालं नव्हतं. गुरुवारी दिवसभर हे शेडमध्ये नळीत बारीक दिवा सोडून एका डोळ्याने आत बघत बसले. शुक्रवारीही तेच. लेथ बंद, रेडिओ बंद. मी चहा नेला की म्हणायचे, "ठेव," आणि तो तसाच गार व्हायचा. मी दोनदा डॉक्टरांच्या घरचा नंबर फिरवला आणि दोन्ही वेळा रिंग वाजायच्या आत फोन ठेवला. काय सांगणार होते मी? माझ्या नवऱ्याने केलेल्या बंदुकीला हात लावू नका म्हणून? यांचं नाव जाईल, ही भीती मला डॉक्टरांच्या जिवापेक्षा मोठी वाटली. लाज वाटते सांगायला, पण वाटली.

शनिवारी दुपारी साडेबाराला गाडी दारात लागली. डॉक्टर आणि त्यांची बायको सुलक्षणा. मी मसालेभात केला होता. ताटं घ्यायच्या आधीच डॉक्टर म्हणाले, "आधी दर्शन!" यांनी बंदूक आणून त्यांच्या हातात दिली.

"अरे वा! आता कशी फुलासारखी झाली!" डॉक्टर खूश. "काय केलंस काय?"

"थोडी तासली," हे म्हणाले.

"हिला दे गं," म्हणत डॉक्टरांनी ती माझ्या हातून सुलक्षणाकडे पोचवली. "घे, तुझी तू बघ."

"वहिनींची?" यांनी विचारलं.

"मग! माझ्यासाठी कशाला हलकी हवी? मी घोड्यासारखा आहे. या वर्षी पहिलं हरीण हीच मारणार. दोन वर्षं क्लबात शिकतेय, ही बंदूक तिच्या लायसन्सवरही चढवून घेतलीय. तुला सरप्राइज द्यायचं होतं."

"सतीशभाऊ, इतकं छान वाटतंय," सुलक्षणा म्हणाली. तिने दस्ता खांद्याला टेकवला, मान कलती केली आणि गाल लाकडाला लावला. डावा डोळा मिटला. उजवा डोळा त्या चकचकीत पैलूंच्या अगदी मागे होता, वीतभर अंतरावर. "ट्रिगर ओढू का? रिकामीच आहे ना?"

मी यांच्याकडे बघितलं. यांचा रंग उडाला होता.

"एक मिनिट द्या वहिनी," हे म्हणाले. "जरा काम राहिलंय."

बंदूक घेऊन हे शेडमध्ये गेले. मला वाटलं, स्क्रू आवळत असतील. मग हॅकसॉने लोखंड कापल्याचा आवाज यायला लागला. आधी कुणाला कळलंच नाही. तो आवाज थांबेना, तसे डॉक्टर उठून खिडकीपाशी गेले.

"हा काय करतोय?"

पंधरा मिनिटांनी हे आत आले. दोन्ही हातांत नळीचे दोन तुकडे. घामाने शर्ट भिजलेला. टेबलावर वर्तमानपत्र पसरून त्यावर त्यांनी ते तुकडे ठेवले.

"डॉक्टर, प्रूफ झाल्यावर मी ही तासली. पुन्हा पाठवली नाही. तुम्हाला सांगितलं नाही. फुटली असती कदाचित."

डॉक्टरांनी एक तुकडा उचलून पाहिला. मग अगदी हळू आवाजात त्यांनी विचारलं, "आणि तू मला ती देणार होतास?"

"हो."

सुलक्षणाने एकदा गालाला हात लावला आणि कोट घ्यायला उठली. मी "अगं, दोन घास तरी" म्हणाले, पण ते माझं मलाच कसनुसं वाटलं. जाताना डॉक्टरांनी मागे वळूनसुद्धा पाहिलं नाही. एडिनबरा म्हणजे सहा-सात तासांचा रस्ता, आणि माणसं उपाशी गेली.

दार लावल्यावर माझा बांध फुटला. "म्हणजे सुलक्षणा नसती तर दिली असतीत? डॉक्टरांचं डोकं उडालेलं चाललं असतं तुम्हाला?"

यांनी ते तुकडे वर्तमानपत्रात गुंडाळले.

"चाललं नसतं गं," हे म्हणाले. "पण आठवडाभर डोळ्यांपुढे माझाच गाल येत होता. दुसऱ्याचा आलाच नाही कधी. आज आला."

"आणि ते तीन बार?"

"तीन टिकली. चौथ्याचं मला काय माहीत?"

सोमवारी यांनी पोलिसांच्या लायसन्सिंग ऑफिसला फोन केला. गुरुवारी एक तरुण अधिकारीण बाई आली. यादीबरहुकूम कपाटातल्या बंदुका, नळ्या, ते दोन तुकडे, सगळं तिने व्हॅनमध्ये ठेवलं आणि नोंद रद्द करायचा फॉर्म आमच्या जेवणाच्या टेबलावर उघडला. बाई गोड होती. तिने स्वतःहूनच विचारलं, "कारण काय लिहू मिस्टर केळुसकर? रिटायरमेंट?"

मी मनात म्हटलं, हो म्हणा. एकदा हो म्हणा आणि सुटा.

"नाही," हे म्हणाले. "लिहा, प्रूफनंतर नळी तासली आणि गिऱ्हाइकाच्या हातात दिली."

तिने पेन थांबवलं. "हे लिहिलं तर मला वर कळवावं लागेल. तुमची चौकशी होऊ शकते."

"कळवा."

तिने माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली. ती लिहायला लागली. एका शब्दाशी अडली, तो यांनी सावकाश सांगितला. मग चष्मा डोळ्यांवर ओढून हे सगळा फॉर्म पहिल्या ओळीपासून वाचायला बसले. बाईला घाई होती, पण ती थांबली.