करकोच्याला हाकलताना

बाबा गेले आणि घर माणसांनी भरलं. त्या गडबडीत आत्यानं करकोच्याचं वाटोळं केलं. तिच्या मनात वाईट काही नव्हतं. मोडल्या पंखाचा करकोचा बाबांनी मागच्या अंगणातल्या मोठ्या पिंजऱ्यात ठेवला होता आणि पिंजऱ्याला पडदा लावला होता. त्याला माणसाची सवय लागू नये म्हणून मासे पडद्याआडून नळीनं आत सोडायचे आणि तोंडातून शब्द काढायचा नाही, हा त्यांचा नियम. आत्याला वाटलं, बिचारं पाखरू, त्याचाही बापच गेला की. तिनं पडदा सारला आणि त्याला हातानं भरवायला लागली.

मोडलेला पंख आता जुळून आला होता. पण माणूस दिसला की करकोचा चोच वाजवत धावत यायचा. असा पक्षी सोडला, तर पहिल्या बंदूकवाल्याला स्वतःहून भेटायला जाणार.

"प्राणिसंग्रहालयाला फोन करतो," दादा म्हणाला. "खाऊनपिऊन सुखात राहील."

"त्यासाठी बाबांनी त्याचा पंख बांधला नव्हता," धाकटी बहीण म्हणाली.

"अगं, थवे निघाले."

"शेवटचा तळ्यावर आहे अजून."

बहिणीनं पडदा पुन्हा लावला. मग झाडू आणि डब्याचं झाकण घेऊन पिंजऱ्यात शिरली. करकोचा नेहमीसारखा धावत आला. तिनं त्याच्या कानाशी झाकण बडवलं. तो मागे सरला, मान वाकडी करून बघत राहिला आणि परत आला. तिनं परत बडवलं. त्या आवाजात रडलं तरी कुणाला ऐकू जात नाही, एवढी एक सोय होती.

"माझ्या भावाची शेवटची खूण ती," आत्या दारातून म्हणाली. "हात कसा उचलतो तुझा?"

"खूण हवी तर त्यांचा चष्मा घेऊन जा. याला लांब जायचंय."

चार-सहा दिवसांत करकोचा तिला बघून कोपऱ्यात पळू लागला. आत्या दिसली की मात्र धावायचा.

"आता तू हाकल," तिनं झाकण आत्यापुढे धरलं.

"मला नाही जमायचं."

"लाडावलंस तू. मीच हाकलत बसले तर तो फक्त मला घाबरेल."

आत्यानं झाकण घेतलं. मग पदर खोचून आत गेली. "चालता हो मेल्या," ती म्हणाली, आणि झाकण असं बडवलं की शेजारच्या खिडक्या उघडल्या. करकोचा उडून थेट वरच्या जाळीला धडकला.

दुसऱ्या दिवशी सकाळी तळ्याकाठी दादानं खोक्याचं दार उघडलं. करकोचा बाहेर आला, तिघांना बघितलं आणि पंख पसरून उलट्या दिशेला पळत सुटला. पाय जमिनीवरून सुटले. पलीकडे थवा उठत होता.

"मागे वळूनसुद्धा बघितलं नाही," दादा म्हणाला.

"बघायचंच नाही," ती म्हणाली, आणि उडत्या करकोच्यामागे झाकण आणखी एकदा बडवलं.