दुसऱ्या मजल्यावरचं गलबत

मकाव एवढंसं आहे की एका टोकाला कुणी शिंकलं तर दुसऱ्या टोकाचा माणूस रुमाल पुढे करतो. जागा अपुरी पडली म्हणून लोकांनी समुद्र बुजवला आणि त्यावर जुगाराची हॉटेलं बांधली. हॉटेलात आलेल्या पाहुण्यांना समुद्र बघावासा वाटू लागला, तेव्हा भिंतीवर समुद्र रंगवून घेतला. या सगळ्यात मूळ समुद्राचं मत कुणी विचारलं नाही.

मोक सिफूंचंही नाही. सिफू म्हणजे उस्ताद. पंचाहत्तरी उलटली तरी मकावच्या कोलोआन भागात त्यांना सगळे याच नावाने हाक मारत, कारण तिथल्या धक्क्यावर त्यांनी साठ वर्षं लाकडी गलबतं बांधली होती. लहानपणी जिथे त्यांनी बोय मासे धरले, नेमक्या त्या जागी आता एक सोनेरी हॉटेल उभं होतं. हॉटेलच्या दुसऱ्या मजल्यावर ‘जुना कोळीवाडा’ केला होता. त्याच्या छतावर आकाश रंगवलेलं, त्यामुळे तिथे बाराही महिने संध्याकाळचे पाच वाजलेले असत. कोळीवाडा आहे तर गलबत हवं, म्हणून ते काम सिफूंकडे आलं.

सिफूंनी एकच अट घातली. आ-मा या समुद्रदेवीच्या जन्मदिवशी गलबत एक दिवस समुद्रात उतरवायचं. पाणी न लागलेल्या गलबताला ते गलबत मानत नसत. फार तर कपाट म्हणत.

"एक दिवस कशाला, दोन दिवस उतरवू," मॅनेजर सेतो म्हणाला होता.

इतक्या स्वस्तात मिळालेल्या शब्दाचा संशय यायला हवा होता. पण सिफूंचं आयुष्य लाकडाच्या सहवासात गेलं होतं, आणि लाकूड खोटं बोलत नाही.

तर त्यांनी खरंखुरं गलबत बांधलं. चूक झाली ती इथेच. दुसरा कुणी असता तर प्लायवूड आणि डिंकावर भागवून मोकळा झाला असता. सिफूंनी कापराच्या झाडाचं लाकूड निवडलं आणि सांध्यांत तागाचे धागे, चुना आणि तेल कुटून भरलं. पाण्यात फुगून फळ्या एकमेकींना घट्ट धरतील, असा सगळा बेत होता. दुसऱ्या मजल्यावर पाणी नव्हतं. यंत्राची थंड, कोरडी हवा होती. सहा आठवड्यांत गलबताच्या डाव्या कुशीला बोटभर फट पडली.

सिफू रोज बसने ओली पोती आणून तिथे पांघरवू लागले.

"सिफू, गालिचा भिजतोय," सेतो म्हणाला.

"गलबताला तहान लागलीय."

"पोर्तुगालहून मागवलाय तो."

"मग त्याला पाण्याची सवय असेल. एवढा समुद्र ओलांडून आला."

त्यांची मुलगी यूक-लान खालच्या मजल्यावर बॅकराच्या टेबलावर पत्ते वाटायची. पाळीवर जाता जाता ती वर डोकावली.

"बाबा, आमचा सुपरवायझर विचारत होता, ते पोती पांघरवणारे तुझे कोण. मी म्हटलं, आमच्या गल्लीतले आहेत."

"बरोबर सांगितलंस. गल्ली एकच आहे."

"सोडा ना आता ते."

"देवीच्या दिवसापर्यंत टिकलं की झालं. एक दिवस पाण्यात राहिलं की फळ्या आपोआप शहाण्या होतात."

मधल्या काळात एक भानगड झाली. सीमेपलीकडून, चीनमधल्या झुहाईहून आलेली एक बाई होतं नव्हतं ते हरून गलबताला टेकून बसली आणि विचाराच्या नादात तिने फटीत बोट घातलं. मग खाली जाऊन ती सलग अकरा डाव जिंकली. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत फटीपुढे रांग लागली. दोर बांधले गेले. ‘एका वेळी एकच बोट’ अशी पाटी आली.

देवीच्या जन्मदिवशी सकाळी सिफू चार जुने सुतार, जाड दोर आणि गोल ओंडके घेऊन हजर झाले. गलबताच्या नाळेसमोर, म्हणजे पुढच्या टोकासमोर, एक भिंत उभी होती, आणि भिंतीत सुकवलेल्या मांसाचं दुकान.

"हे कधी झालं?"

"गेल्या आठवड्यात," सेतो म्हणाला. "रांगेतल्या लोकांना भूक लागते."

"पाडा. मी उद्या गलबत परत आणून ठेवतो."

"सिफू, एक सांगा. पाण्यात नेलं तर फट मिटेल?"

"मिटणार. त्यासाठीच न्यायचं."

"मीही तेच म्हणतोय."

सेतोने आवाज खाली आणला. "तुमच्या पोत्यांनी फट आधीच बारीक झालीय. परवा एका पाहुण्याचं बोट अडकलं. दोन बोटं सहज जातील एवढी करून द्या. नाहीतर मला देखभालवाल्यांना सांगावं लागेल. त्यांच्याकडे विजेची करवत आहे."

चौघा सुतारांनी दोर गुंडाळले. त्यातला एक म्हणाला, "चल मोक, मिरवणूक निघाली असेल."

"तुम्ही व्हा पुढे."

सिफूंनी पिशवीतून पटाशी काढली. साठ वर्षांत त्यांनी आपल्या हातचा सांधा कधी उकलला नव्हता. पण करवतीखाली तर फळी उभी चिरली असती. त्यांनी पाऊण तास काम केलं. धाग्यांचा एकेक पेड ओढून काढला. मग फटीच्या कडा खरकागदाने घासल्या, कुणाला कुसळ लागू नये म्हणून. पाहुणे रांगेत घड्याळं बघत होते.

त्यांचं आवरलं तेव्हा रांगेत पहिली यूक-लान होती. गणवेशावरचा नावाचा बिल्ला तिने खिशात घातला होता.

"तू खेळत नाहीस," सिफू म्हणाले.

"माझ्या टेबलावर तीन दिवस हॉटेल हरतंय, बाबा. आजही हरलं तर मला तिथून काढतील." तिने दोन बोटं आत घातली, डोळे मिटले, उघडले. "पाण्यात नाही नेलं?"

"फट मिटली असती."

"बरं झालं," ती म्हणाली, आणि मागच्याला जागा देऊन खाली गेली.